घंगाळातून निघालेले वीस रोगी

"दाबू का?" प्रोफेसर क्रुम वेलिंगोव यांनी विचारलं.

"दाबा!" अख्खा चौक ओरडला.

"नीट ऐका हं. बोट माझं आहे, पण बोलणार मी नाही. रक्त बोलणार! तुमच्या खापरपणज्यांचं, तीन हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या थ्रेशियन लोकांचं रक्त!"

"घेतली तर थुंकी होती की," पहिल्या बाकावरून गेना आजी म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

प्रोफेसरांनी बटण दाबलं. चौकालगतच्या सभागृहाच्या भिंतीवर ताणलेल्या पडद्यावर सहाशे बारीक करडे ठिपके उमटले, एकेका जनुकाचा एकेक. यंत्र घरघरलं. ठिपके एकामागून एक लुकलुकले, विझले, आणि शेवटी एकच उरला. चारशे सतरावा. लालभडक. त्याच्याखाली अक्षरं आली: 'अर्धांगवायूचा झटका आलेल्या वीस जणांपैकी पंधरा जणांत. निरोगी वीस जणांपैकी पाच जणांत. निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता पाचशेत एक.'

चौकातून एक लांबलचक 'आऽऽ' निघाला. बायकांनी छातीवर क्रूस काढला. सूर्यफुलाच्या बिया सोलायचा आवाज थांबला. आमच्या लिपोव दोल गावात हा आवाज अंत्ययात्रेतसुद्धा थांबत नाही, यावरून काय ते समजावं.

"पाचशेत एक!" प्रोफेसरांनी बोट आभाळाकडे नेलं. "सांगा, हा योगायोग आहे?"

"नाही!"

"मग काय आहे?"

"शाप!" सरपंच त्सान्को ओरडला. त्याला तसं ओरडायला सांगितलेलंच होतं.

"शाप नव्हे, सरपंचसाहेब. विज्ञान! पण शापासारखंच वागणारं. आणि त्यावर उतारा आहे." प्रोफेसरांनी टेबलावरच्या तपकिरी बाटल्यांवरून मायेने हात फिरवला. "हा अर्क याच चारशे सतराव्या जनुकाला झोपवतो. यंत्राला नातेवाईक नसतात, मित्रहो, म्हणून यंत्र खोटं बोलत नाही!"

झ्लातिना चौकात शिरली ती नेमकी या वाक्याला. चार गावांना मिळून ती एकटीच डॉक्टर. शेजारच्या गावात एका म्हाताऱ्याचं कंबरडं मोडलं होतं, तिथून ती थेट येत होती, आणि तिच्या बुटांना अजून तिथल्या गोठ्याचा वास होता. अर्कवाल्यासारखे लोक तिच्यासाठी नवे नव्हते. आधी चुंबकाची गादी विकणारा येऊन गेला होता, मग जिवंत पाणी विकणारा, मग डोळ्यांच्या बुबुळात यकृत पाहणारी बाई. दर वेळी झ्लातिना उभी राहायची, बोलायची, गाव ऐकायचं, मान डोलवायचं आणि रांगेत जाऊन उभं राहायचं. गादीवाला आला तेव्हा ती तासभर भांडली होती. बुबुळवालीच्या वेळी दहा मिनिटं. या वेळी आपण कॉफी घेऊन घरी जाऊन झोपावं, असा तिचा सरळ बेत होता.

हा प्रोफेसर वसंतात पहिल्यांदा आला तेव्हाच गावात घोळ झाला होता. आमच्या भाषेत जनुकाला 'गेन' म्हणतात, आणि गावात त्या नावाची म्हातारी एकच. 'झटका गेनमुळे येतो' असं ऐकल्यावर निम्म्या गावाला वाटलं, गेना आजीची दृष्ट लागते. दोघींनी तिच्याकडून अंडी घेणं बंद केलं. आजीने मनावर घेतलं नाही. "चला, इतक्या वर्षांनी माझी कुणाला भीती तरी वाटली," म्हणाली. पण तेव्हापासून प्रोफेसर जिथे जाईल तिथे ती पहिल्या बाकावर जाऊन बसायची आणि त्याच्याकडे टक लावून पाहायची.

त्या वेळी त्याने चाळीस जणांची थुंकी नेली होती. वीस झटका येऊन गेलेले, वीस धडधाकट. दहा दिवसांपूर्वी त्या चाळीस जणांना टपालाने कार्डं आली. जनुक असलेल्यांना लाल, नसलेल्यांना निळं. आज एन्योवदेनचा सण, वर्षातला सर्वांत मोठा दिवस, म्हणून शोध जाहीर करायला प्रोफेसर स्वतः हजर होते. बाकीच्या गावाची थुंकी आज घेतली जाणार होती.

कॉफीच्या टपरीपाशी झ्लातिनाला तिचा धाकटा भाऊ दिसला. स्तामेन ट्रॅक्टर चालवतो. मान आखूड, चेहरा कायम उन्हात उभा असल्यासारखा लाल. शर्टाच्या खिशातून निळं कार्ड डोकावत होतं. मुद्दामच डोकावत होतं.

"ताई! ये, ये. आज कॉफी माझ्याकडून."

"गोळी घेतलीस सकाळी?"

"कसली गोळी?"

"स्तामेन."

"अगं, निळं आलंय मला." त्याने खिसा थोपटला. "दहा दिवस झाले गोळीला हात लावला नाही. मस्त वाटतंय. गोळीने पाय जड व्हायचे. आता बघ, काल अख्खी अक्रोडाची बाग नांगरली."

झ्लातिनाने पेला टपरीच्या फळीवर ठेवला. त्यांचे वडील चौपन्नाव्या वर्षी जेवता जेवता बाजूला कलंडले होते, हातात पावाचा तुकडा तसाच. स्तामेनला येत्या शरदात चौपन्न लागणार होतं. हे दोघांनाही माहीत होतं, आणि गेली पाच-सहा वर्षं दोघंही त्यावर बोलत नव्हती.

"दहा दिवस?" ती म्हणाली.

"हे बघ, वडिलांना लाल असणार. मला निळं आलं. सुटलो मी. तुला आनंद व्हायला हवा. तू काय असं तोंड करून बघतेस?"

"चल दवाखान्यात. बीपी बघू."

"सणाच्या दिवशी? ताई, तू ना, माणसाला निरोगी राहू देत नाहीस. कुणी बरा झाला की तुला चुकल्या-चुकल्यासारखं होतं."

टपरीवरचे दोघे-तिघे हसले. झ्लातिनालाही हसू आलं असतं, इतका तो टोमणा बरा होता. पण त्याच्या कपाळावरची शीर तिला दिसत होती.

ती सरपंचाकडे गेली. त्सान्को व्यासपीठाच्या पायरीवर घाम पुसत बसला होता. गावात माणसं किती, याचे त्सान्कोकडे तीन हिशेब असतात. अनुदान मागताना वेगळा, मतदानाला वेगळा, सणाला मेंढी कापताना वेगळा. आज पहिल्यांदाच तिन्ही जुळत होते, म्हणून तो खुशीत होता.

"त्सान्को, हे थांबव. माणसं औषधं सोडायला लागलीत."

"डॉक्टरीणबाई, बघा जरा चौकाकडे. आपल्याकडे शेवटचं इतकं माणूस कधी आलं होतं?"

"तुझ्या आईला लाल आलंय ना?"

"आलंय. चार बाटल्या घेतल्या."

"तिच्या बीपीच्या गोळ्या?"

सरपंचाने टोपी सारखी केली. "म्हणते, दोन-दोन औषधं एकत्र नकोत. पोटात भांडतात."

झ्लातिनाला एकदम खूप दमल्यासारखं वाटलं. काय बोलायचं ते तिला पाठ होतं, तो काय उत्तर देईल तेही पाठ होतं. ती पायरीवर त्याच्या शेजारीच बसली.

तेवढ्यात ढोल वाजला आणि सणाचा नेहमीचा कार्यक्रम सुरू झाला. चौकाच्या मधोमध पाण्याने भरलेलं तांब्याचं मोठं घंगाळ ठेवलेलं. काल संध्याकाळी मुली-बाळींनी, खरं तर आता बहुतेक विधवांनीच, त्यात आपापल्या अंगठ्या फुलांच्या जुडीला बांधून टाकलेल्या. रिवाजाप्रमाणे नवरीसारखी नटवलेली चिमुरडी एकेक अंगठी काढते, आणि त्याच्या आधी बायका एकेक कडवं म्हणतात. जे कडवं तोंडात असेल ते त्या अंगठीवालीचं नशीब. गावात चिमुरडी उरलेली नाही, म्हणून तीन वर्षं हे काम गेना आजी करते. डोक्यावर लाल ओढणी घेऊन, हात कोपरापर्यंत पाण्यात घालून.

"वाड्यात बसली, सोनं तोलत राहिली!" बायकांनी सोनार नवऱ्याचं कडवं म्हटलं.

आजीने जुडी काढली. "कुणाची गं?"

"माझी!" मिंका ओरडली. मिंका टपालखात्यातून निवृत्त झालेली, दोन नवरे पुरलेली.

"तुला मागच्या वर्षीही सोनारच मिळाला होता की गं!"

"हो, पण आला नाही मेला!"

चौक खदखदून हसला. पुढचं कडवं दारुड्या नवऱ्याचं होतं, ते सरपंचाच्या बायकोच्या अंगठीला लागलं, तेव्हा तर हसून हसून ढोलवाल्याच्या काठ्या पडल्या. कुणी घाबरलं नाही, कुणी क्रूस काढला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की कडवं आधीपासून ठरलेलं असतं आणि अंगठी हाताला लागेल ती. सोनार कुणालातरी मिळायचाच. तो मिंकाला मिळाला म्हणून मिंकाच्या अंगठीत काही खास होतं, असं तिथलं शेंबडं पोरही म्हणालं नसतं.

झ्लातिना पायरीवरून उठली. तरुणपणी, शहरात दोन वर्षं ती एका संशोधन करणाऱ्या बाईंच्या हाताखाली होती. रोग आणि जनुक यांचं नातं शोधायचं काम. नवा उमेदवार 'सापडलं, सापडलं' करत नाचत आला की त्या बाई शांतपणे म्हणायच्या, 'रोगी-निरोगी नावं पत्त्यांसारखी पिसून टाका आणि पुन्हा शोधा. तेव्हाही सापडलं, तर काहीच सापडलेलं नाही.' तेव्हा झ्लातिनाला तो त्यांचा खडूसपणा वाटायचा.

ती व्यासपीठावर चढली.

"प्रोफेसरसाहेब, एक विनंती होती."

"अहो, डॉक्टरीणबाई!" वेलिंगोव हात पसरून पुढे आले. "मित्रहो, टाळ्या! जुनं वैद्यक नव्या विज्ञानाच्या भेटीला आलंय!"

"यंत्र कुणालाही तेच उत्तर देतं ना? नातेवाईक नसतात त्याला."

"देवासारखं, बाई. देवासारखं निःपक्षपाती."

"मग बटण परत दाबूया. फक्त रोगी कोण आणि निरोगी कोण, हे या वेळी गेना आजी ठरवेल."

प्रोफेसर हसले. मग त्यांना कळलं की ही बाई हसत नाहीये. "म्हणजे?"

झ्लातिना गावाकडे वळली. "ज्या चाळीस जणांची थुंकी नेली, त्यांनी आपली एकेक वस्तू या घंगाळात टाका. किल्ली, बटण, काहीही. जे अंथरुणावर आहेत त्यांच्या वतीने घरच्यांनी टाका. आजी डोळे मिटून वीस वस्तू काढेल. ज्यांच्या निघतील त्यांना यंत्रात 'झटका आलेले' म्हणून लिहायचं. बाकीचे धडधाकट. मग बघू, यंत्र काय म्हणतं."

"हा पोरखेळ आहे!" वेलिंगोव म्हणाले.

"सण आहे साहेब, खेळायचाच दिवस," मिंका खालून ओरडली. आणि चौकाला नवा खेळ मिळाल्यावर चौक ऐकतो होय? घंगाळात किल्ल्या पडल्या, कोटाची बटणं पडली, एक लायटर, एक कवळी. कवळी कुणाची यावरून पाच मिनिटं गेली. स्तामेनने ट्रॅक्टरचा एक नट टाकला. टाकताना बहिणीकडे बघून डोळा मारला.

गेना आजीने डोळे मिटले आणि हात घातला. ढोलवाल्याने उगाच ताल धरला. एकेक वस्तू वर आली, एकेक नाव पुकारलं गेलं. ज्या माणसाचं अर्धं अंग तीन वर्षांपासून लुळं होतं तो 'धडधाकट' ठरला आणि बाकावरून त्याने चांगला हात उंचावून अभिवादन केलं. अकरावी वस्तू नट निघाली.

"स्तामेनला झटका!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. स्तामेनही हसला, पण जरा उशिराने.

प्रोफेसर नावं भरायला तयार नव्हते. यंत्र तापलंय म्हणाले. उपग्रह डोक्यावरून सरकलाय म्हणाले. शेवटी सरपंचाने, खरंच निरागसपणे, विचारलं, "साहेब, देवासारखं आहे म्हणालात ना?" मग त्यांना बसावंच लागलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि तो उन्हाचा नव्हता.

बटण दाबलं. सहाशे ठिपके लुकलुकले, विझले. एक उरला.

अठ्ठ्याऐंशीवा. लालभडक. 'झटका आलेल्यांपैकी सोळा जणांत, निरोगींपैकी पाच जणांत.' आणि खाली, जराही न लाजता: 'योगायोगाने असं होण्याची शक्यता पाचशेत एकाहूनही कमी.'

लोक पडद्याकडे आणि मग गेना आजीकडे पाहू लागले.

"पण... झटका आलेले तर आजीने घंगाळातून काढले," मिंका हळूच म्हणाली. "त्यात माझी किल्ली होती. मला कुठे झटका आलाय?"

"परत," झ्लातिना म्हणाली.

वस्तू परत पाण्यात गेल्या, आजीचा हात परत गेला. या वेळी तीनशे दोनवा ठिपका उरला आणि तो हिरवा होता. तो म्हणे झटक्यापासून वाचवत होता. तिसऱ्या वेळी मात्र सगळे ठिपके विझून गेले. पडदा करडा.

"बघा!" वेलिंगोव उठून उभे राहिले. "बघा! खोट्या रोग्यांत काही सापडत नाही! हेच सिद्ध करायचं होतं!"

टाळ्या वाजवायला दोघा-चौघांनी हात उचललेही. झ्लातिनाला मनात कबूल करावं लागलं की माणूस चपळ आहे.

"अजून एकदा," ती म्हणाली.

चौथ्या वेळी दोन ठिपके एकदम पेटले. एक लाल, एक हिरवा. गेना आजीने ओढणीने हात पुसले आणि म्हणाली, "चार खेपांत चार गेन काढले मी. प्रोफेसरला एक काढायला तीन महिने लागले."

हसण्याचा असा लोट आला की व्यासपीठाच्या फळ्या हलल्या. झ्लातिना हसली नाही. तिला माहीत होतं, हसून झालं की गाव विसरतं. तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"ऐका. मी दमलेय, म्हणून एकदाच सांगते. या यंत्रात खोट काही नाही. ठिपके खरे, आकडेही खरे. खोट आहे ती प्रश्नात. प्रोफेसर म्हणतात, असं होण्याची शक्यता पाचशेत एक. बरोबर. पण यांनी एक जनुक नाही तपासलं. सहाशे तपासली. पाचशेत एकदा होणारी गोष्ट सहाशे ठिकाणी शोधली, तर कुठेतरी ती बहुतेक मिळणारच. आपल्या घंगाळात सोनार कुणालातरी मिळतो, तसंच. फरक इतकाच, की मिंका त्या सोनाराच्या भरवशावर घर विकत नाही."

"कोण घेणार आहे माझं घर!" मिंका म्हणाली.

"आणि जो ठिपका निघाला तो लाल असला की म्हणायचं शाप, हिरवा असला की वरदान. दोन्हीवर अर्क विकता येतो. बाकीचे पाचशे नव्व्याण्णव ठिपके विझले, त्यांचं नाव कुणी घेत नाही."

"म्हणजे जनुकांमुळे रोग होतच नाहीत म्हणायचंय तुम्हाला?" वेलिंगोव गरजले. "जगातले शास्त्रज्ञ मूर्ख आहेत?"

"होतात. काही रोग नक्की होतात. आणि शास्त्रज्ञ मूर्ख नाहीत म्हणूनच ते चाळीस जणांवर थांबत नाहीत. हजारो माणसं घेतात. जितकी जास्त जनुकं चाळायची, तितकी अट कडक करतात, सहाशे प्रश्न विचारले तर पाचशेत एक त्यांना पुरत नाही, काही हजारांत एक लागतं. आणि मग, प्रोफेसर, ते दुसऱ्या गावात जातात. तिथल्या नव्या माणसांत तेच जनुक परत सापडतंय का बघतात. तुम्ही याआधी किती गावं केलीत?"

प्रोफेसर टेबलाकडे वळले होते. ते बाटल्या खोक्यात भरू लागले होते.

"डोंगरापलीकडच्या गावात माझ्या मावशीला कार्ड आलंय," ढोलवाला म्हणाला. "तिथे दोनशे एकोणीसवं निघालं होतं. मला वाटलं, त्यांचा शाप वेगळा असेल."

आता कुणी हसलं नाही. दोनशे एकोणीस आणि चारशे सतरा. सगळ्यांनी ते मनात जुळवून पाहिलं. प्रोफेसरांची गाडी सुरू होईपर्यंत चौकात फक्त घंगाळातल्या वस्तू परत मिळवायची खडबड चालू होती.

यानंतर सगळं गाव शहाणं झालं, असं लिहायला मलाही आवडलं असतं. पण गाडीच्या मागे धावून तिघांनी बाटल्या घेतल्याच, त्यात एक सरपंचाचा मेहुणा. "असू दे घरात, अपाय तर नाही ना," म्हणाला. सरपंच स्वतः झ्लातिनाला म्हणाला, "बाई, तुम्ही सणाचा विचका केलात. निदान आता सांगा, जनुक नाही तर मग झटके येतात तरी कशाने आपल्या गावात?"

"मिठाने. हिवाळाभर जे खारवलेलं लोणचं आणि सुकवलेलं मांस खातो त्याने. सिगारेटने. आणि बीपी न मोजल्याने. काही घराण्यांत धोका जास्त असतो, पण तो कार्डाने कळत नाही, दंडाला पट्टा बांधून कळतो."

लोकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट निराशा दिसली. तीन हजार वर्षांचा थ्रेशियन शाप गेला आणि हाती आलं काय, तर लोणचं! दोघी बायका तर जरा अपमान झाल्यासारख्या घरी निघून गेल्या.

स्तामेन टपरीशी तसाच उभा होता. निळं कार्ड आता खिशात आत सरकवलेलं.

"बस," झ्लातिना म्हणाली आणि पिशवीतून यंत्र काढलं. तो बसला. सगळ्यांसमोर बसला, कारण नाही म्हटलं असतं तर तेही सगळ्यांसमोरच झालं असतं. तिने दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली. आकडा आला. दोनशे दहा, खाली एकशे अठरा.

टपरीवाल्याने शिटी वाजवली.

स्तामेनने तो आकडा वाचला. मग मान वर करून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, "ताई, हेही यंत्रच आहे ना? तासाभरापूर्वी तूच दाखवलंस, यंत्र काहीही दाखवतं. मग याचं का खरं मानू? तू माझी बहीण आहेस म्हणून?"

आसपासचे लोक थांबले. प्रश्न वाकडा नव्हता. झ्लातिनाला तीस वर्षांत कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता, आणि तो विचारावा तर याने, या आखूड मानेच्या हट्टी माणसाने.

"मानू नकोस," ती म्हणाली. "बहीण आहे म्हणून तर मुळीच मानू नकोस. पट्टा सोड. पाच मिनिटं गप्प बस, पाय खाली टेकव, आणि दुसऱ्या हातावर तू स्वतः मोज. मग मिंकाकडे तिच्या नवऱ्याचं यंत्र आहे, त्यावर मोज. पाहिजे तर गाडी काढून जिल्ह्याच्या इस्पितळात जा, जिथे तुला कुणी ओळखत नाही, आणि तिथे मोज. आकडे वेगळे आले तर मला खोटारडी म्हण, मी ऐकून घेईन. तो माणूस आणि मी, दोघांकडे यंत्र होतं. त्याला मी 'परत मोज' म्हटलं, तर त्याने बाटल्या भरल्या. मला तू म्हणतोयस, तर मी इथे बसलेय."

मग ती बाकीच्यांकडे वळली. आवाज चढवायची ताकद नव्हती, म्हणून लोकच जवळ सरकले.

"तुम्हालाही तेवढंच सांगते. प्रोफेसर असो, पाद्री असो, नाहीतर मी असो. कुणी चमत्कार दाखवला की तीन गोष्टी विचारायच्या. किती ठिकाणी शोधलंत? जिथे सापडलं नाही ते कुठे आहे? आणि परत करून दाखवाल का? जो शांतपणे करून दाखवेल त्याचं ऐका. जो चिडेल त्याच्याकडून काही घेऊ नका, फुकट दिलं तरी."

स्तामेन गप्प बसला, पाय टेकवून. मिंका तिच्या मयत नवऱ्याचं यंत्र घेऊन आली. त्याच्यावर धूळ होती, ती तिने रुमालाने पुसली. स्तामेनने दुसऱ्या दंडाला पट्टा स्वतः बांधला. पहिल्यांदा उलटा बांधला, सोडून परत बांधला. दोनशे सहा. पाच मिनिटांनी, बहिणीच्या यंत्रावर, पुन्हा. दोनशे आठ.

"जवळजवळ तेच," तो म्हणाला.

"हो."

"वडिलांचं कधी कुणी मोजलंच नव्हतं, नाही का?"

"कुणीच नाही," झ्लातिना म्हणाली. टपरीवाल्याने न सांगता पाण्याचा पेला पुढे केला. स्तामेनने हात पसरला, तळवा वर, लहानपणी बहिणीसमोर पसरायचा तसाच कुरकुरत.

"दे. पण पाय जड झाले तर तुला शिव्या देणार."

"दे शिव्या. दुसरी गोळी बघू. उद्या परत मोजायला ये."

"आणि परवा?"

"परवाही," झ्लातिना म्हणाली आणि त्याच्या तळव्यावर गोळी ठेवली.